बाळंतिणीचे डोके दुखते तेव्हा

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यात जिचा रक्तदाब दर आठवड्याला मोजला जातो, त्याच बाईचा रक्तदाब बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे तो सर्वाधिक चढण्याचा संभव असतो नेमका तेव्हा, बहुतेक घरांत कोणीच मोजत नाही. नॉर्मल बाळंतपण झाले असेल तर ती दोन-तीन दिवसांत घरी आलेली असते, पहिलटकरीण असेल तर माहेरी असते आणि घरात पाचवीच्या पूजेची तयारी चाललेली असते. पाचवीच्या रात्री जागरण करून बाळाला जपण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. हा आठवडा धोक्याचा असतो, हे आजीपणजींना अनुभवाने कळले होते. पण काळजीचे सारे माप बाळाच्या पदरात पडत गेले. बाळंतीण डोके दुखते म्हणाली, तर झोप झाली नसेल, कानाला वारे लागले असेल, असे म्हणून डोक्याला फडके आणखी घट्ट बांधले जाते. बहुतेक वेळा कारण खरोखरच तेवढे साधे असते. काही थोड्या वेळा मात्र ती डोकेदुखी म्हणजे पक्षाघाताची पहिली खूण असते, आणि पुढचा प्रसंग टाळण्याइतका वेळ हातात असताना मिळालेली असते.

पक्षाघात, अर्धांगवायू, ब्रेन स्ट्रोक ही एकाच घटनेची नावे आहेत. (लकवा हा शब्दही वापरतात, पण चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन तोंड वाकडे होते त्या तुलनेने साध्या आजारालाही लोक लकवाच म्हणतात, म्हणून येथे तो टाळला आहे.) मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला, की त्या भागाकडे सोपवलेले काम बंद पडते: हात उचलत नाही, शब्द सुचत नाही, दिसेनासे होते. हा वयस्कांचा आजार अशी आपली समजूत आहे आणि ती सर्वसाधारणपणे बरोबर आहे. तरीही जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली असता एक लाख गर्भारपणांमागे सुमारे ३० स्त्रियांना गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघात होतो असे दिसते, आणि त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण तिप्पट आहे. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून अधिक बाळंतपणे होतात, म्हणजे याच हिशेबाने दर वर्षी साडेचारशे तरी घरांवर हा प्रसंग येत असला पाहिजे. हा आकडा प्रामुख्याने श्रीमंत देशांतील नोंदींवर बेतलेला असल्यामुळे आपल्याकडचे खरे चित्र त्याहून सौम्य असेल असे मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

निसर्ग असे का होऊ देतो, हे समजून घेण्यासाठी बाळंतपणाच्या क्षणाकडे पाहावे लागते. दिवस भरत आलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते, आणि बाळाच्या मागोमाग वार सुटून आली की तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्यांची एक मोठी जखम राहते. गर्भाशय आकुंचन पावून त्या वाहिन्या आवळतो, पण तेवढ्याने भागत नाही. रक्त लवकर गोठावे लागते. म्हणून गर्भारपणात शरीर महिनोन्‌महिने याची तयारी करत असते. रक्त गोठवणारी फायब्रिनोजेनसारखी प्रथिने वाढतात, आणि गोठण्याला लगाम घालणारे प्रोटीन एस नावाचे प्रथिन कमी होते. येथे एक गोष्ट अनेकांना बुचकळ्यात टाकते: गर्भारपणात रक्तातील द्रवाचा भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढल्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो आणि ‘रक्त पातळ झाले’ असे म्हटले जाते. रंगाने पातळ झालेले हे रक्त गोठण्याच्या बाबतीत मात्र पूर्वीपेक्षा अधिक तत्पर असते. जी तयारी वारेच्या जखमेसाठी केलेली असते, तीच चुकून पायाच्या, फुप्फुसाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत कामाला लागली, तर आजार होतो.

ही तत्परता बाळंतपणाबरोबर संपत नाही. सव्वा महिना उलटला की बाळंतीण सुटली, असे आपण मानतो, आणि डॉक्टरही दीर्घकाळ सहा आठवड्यांचीच मर्यादा धरत असत. कॅलिफोर्नियातील पहिल्यांदा बाळंत झालेल्या सुमारे १७ लाख स्त्रियांच्या नोंदींवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पहिल्या सहा आठवड्यांत गुठळ्यांच्या आजारांचा धोका एरवीच्या जवळजवळ अकरा पट असतो, आणि सातव्या ते बाराव्या आठवड्यातही तो दुपटीच्या आसपास राहतो. तेव्हा बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत आईला बाळंतीणच समजावे, हे शास्त्राला धरून आहे.

मेंदूत गुठळी होण्याच्या जागा दोन. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत ती अडकली, तर नेहमीच्या परिचयाचा पक्षाघात होतो. आपल्या देशातील बाळंतिणींच्या बाबतीत दुसरी जागा अधिक महत्त्वाची ठरत आली आहे: मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा, आणि त्या ज्यांत रिकाम्या होतात त्या कवटीखालच्या रुंद वाहिन्या. तेथे गुठळी झाली म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी अवस्था होते. रक्त येत राहते, त्याला जायला वाट नसते, कवटीतील दाब वाढत जातो, मेंदूला सूज येते आणि शेवटी लहान शिरा फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो. नळ बंद झाला तर घरात लगेच कळते, मोरी तुंबल्याचे पाणी पसरेपर्यंत कळत नाही. त्याचप्रमाणे धमनीतील पक्षाघात क्षणात होतो, तर शिरांतील हा आजार पुष्कळदा काही दिवस, कधी आठवडाभरही, नुसत्या डोकेदुखीच्या रूपाने घरात वावरत असतो.

एडिंबरोचे वैद्य जॉन ॲबरक्रॉम्बी यांनी १८२८ साली अशा एका तरुण बाळंतिणीची हकीकत लिहून ठेवली. सुखरूप बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिला डोकेदुखी व झटके सुरू झाले आणि त्यातच ती दगावली. पुढे भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांना हा आजार इतका वारंवार दिसू लागला, की मदुराई येथील डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गर्भारपणात व बाळंतपणानंतर मेंदूत गुठळी झालेल्या १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी मेंदूच्या शिरांतील गुठळी म्हणजे बाळंतिणीचा आजार, हे समीकरण आपल्या रुग्णालयांत रूढ होते. हैदराबादेतून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ४२८ रुग्णांच्या नोंदीत मात्र बाळंतिणींचा वाटा दहा टक्क्यांच्याही किंचित खाली आलेला दिसतो, आणि एकूण रुग्णांत पुरुष अधिक आहेत. याचा काही भाग तपासणीच्या सोयीचा आहे, कारण एमआरआय सर्वत्र झाल्यावर पुरुषांतील व सौम्य स्वरूपाचे आजारही सापडू लागले. पण घरी होणारी बाळंतपणे कमी झाली, जंतुसंसर्ग घटला आणि बाळंतिणीची निगा सुधारली, हेही त्यामागे आहे असे माझे मत आहे. महाराष्ट्रात आज शंभरातील सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात.

निगेचा विषय निघालाच आहे, तर पाण्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, दिले तर उकळून, ओवा किंवा बाळंतशेपा घालून, तेही घोटभर. पाणी प्यायली तर पोट सुटते, टाके चिघळतात, बाळाला सर्दी होते, या समजुती अजूनही अनेक घरांत पाळल्या जातात. एप्रिल-मे महिन्यात, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत, खाटेखाली शेगडी ठेवून, घामाघूम झालेल्या बाईला हा नियम लावला म्हणजे काय होते, याचा विचार करावा. अंगावर पाजणारी आई दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध देते आणि ते पाणी तिच्याच शरीरातून जाते. गुठळीला अनुकूल अशा तीन गोष्टी रूडॉल्फ विर्शो या जर्मन वैद्याच्या नावाने शिकवल्या जातात: रक्ताची गोठण्याची वाढलेली वृत्ती, मंदावलेला प्रवाह आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला झालेली इजा. बाळंतिणीत पहिली असतेच. पाणी तोडल्याने आणि तिला अंथरुणाला खिळवून ठेवल्याने दुसरी आपण आपल्या हाताने तयार करतो. बाळंतपणाच्या साऱ्याच चालीरीती टाकाऊ आहेत असे मात्र मुळीच नाही. विश्रांती, मालीश, लोहाने समृद्ध असलेली अळिवाची खीर यांत वाईट काही नाही. उलट २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते, आणि लोहाच्या कमतरतेतून आलेला रक्तक्षय स्वतःच शिरांतील गुठळीचा धोका वाढवतो. ओव्याचे पाणी खुशाल द्यावे, फक्त तहान भागेल इतके द्यावे.

आता डोकेदुखीकडे वळू. मेंदूच्या शिरांत गुठळी झालेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्णांना डोकेदुखी असते आणि दहांपैकी चार जणांना झटके येतात. ही डोकेदुखी सहसा दिवसागणिक वाढत जाते, साध्या गोळीने तात्पुरतीही नीट थांबत नाही, आडवे झाल्यावर, खोकल्यावर किंवा पहाटे अधिक जाणवते, आणि पुढे उलट्या, अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, एका बाजूला मुंग्या अशी लक्षणे तिच्यात मिसळतात. येथे एक फसगत नेहमी होते. सिझेरियनसाठी कमरेत भूल दिलेल्या काही स्त्रियांचे डोके नंतर दुखते, कारण सुईच्या छिद्रातून पाठीच्या कण्यातील द्रव झिरपतो. ती डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते आणि आडवे पडल्यावर काही मिनिटांत उतरते. त्यामुळे ‘कमरेतल्या इंजेक्शनचे दुखणे आहे, जाईल’ हे उत्तर पुष्कळदा बरोबर असले, तरी आडवे पडूनही डोके थांबत नसेल, किंवा आधी बसल्यावर दुखणारे डोके आता सतत दुखू लागले असेल, तर त्या उत्तरावर समाधान मानू नये. द्रव झिरपल्यामुळे कवटीतील दाब घटून शिरा फुगतात आणि त्यातूनही क्वचित गुठळी होऊ शकते. म्हणजे एका दुखण्याने सुरुवात होऊन त्याचे दुसरे कधी झाले, हे कळत नाही.

झटक्यांच्या बाबतीत फसगत वेगळ्या प्रकारची आहे. ओली बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, एकटक पाहू लागली, तिचे हातपाय वाकडे होऊन तोंडाला फेस आला, की बाहेरची बाधा झाली असे समजून अंगारा, उतारा, देवऋषी यांत एक-दोन दिवस जातात. श्रद्धेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी क्रम उलटा करावा एवढे सांगणे आवश्यक आहे: आधी रुग्णालय, नंतर जे करायचे ते. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आलेला झटका हा मेंदूच्या शिरांतील गुठळीचा किंवा वाढलेल्या रक्तदाबाचा असेल असेच धरून चालावे लागते.

रक्तदाब ही या कथेची दुसरी, आणि रक्तस्रावाच्या दृष्टीने अधिक घातक, बाजू आहे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाऊन लघवीत प्रथिने दिसू लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, डोळे, मेंदू यांच्या तक्रारी सुरू झाल्या, म्हणजे प्रीएक्लाम्पसिया. त्यात झटके आले म्हणजे इक्लाम्पसिया. मेंदूच्या रक्तवाहिन्या एरवी दाबातील चढउतार आकुंचन पावून सांभाळून घेतात. या आजारात त्यांचे आतील अस्तर दुखावलेले असते, त्यामुळे वयस्क रक्तदाबाचा रुग्ण जो आकडा निमूटपणे सोसतो, तोच आकडा या तरुण बाईची रक्तवाहिनी फोडू शकतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र प्रीएक्लाम्पसियात पक्षाघात झालेल्या २८ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचा पक्षाघातापूर्वीचा रक्तदाब लिहिलेला होता, त्यांच्यापैकी एक वगळता सर्वांचा वरचा आकडा १६० किंवा त्याहून अधिक होता, तर खालचा आकडा ११० ला पोहोचलेल्या फक्त तिघी होत्या. तोपर्यंत खालच्या आकड्यावर भर देण्याची पद्धत होती. आता १६०/११० या पातळीपैकी कोणताही एक आकडा गाठला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावरही तो तसाच राहिला, तर अर्ध्या ते एका तासात लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा हायड्रॅलाझिन यांपैकी औषध देऊन तो खाली आणावा, असे ठरलेले आहे. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या स्वस्त औषधाने इक्लाम्पसियाचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले होते.

गर्भारपणात ज्यांचा रक्तदाब एकदाही वाढला नव्हता, अशा काही स्त्रियांतही तो बाळंतपणानंतर पहिल्यांदा चढतो. गर्भारपणात शरीरात साठलेले पाणी या दिवसांत पुन्हा रक्तात येते, हे त्यामागील एक कारण. आशाताई नवजात बाळाला पाहण्यासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांपैकी पहिल्या दोन भेटी आईच्या रक्तदाबाच्या दृष्टीने इतक्या नेमक्या दिवशी पडतात, की त्या वेळी आईचाही दंड पुढे करून रक्तदाब मोजून घेण्याचा आग्रह धरावा, किंवा घरात आजोबांसाठी आणलेले मोजण्याचे यंत्र असेल तर ते काही दिवस बाळंतिणीच्या खोलीत ठेवावे. ज्यांना गर्भारपणात तीव्र रक्तदाबाचा त्रास होता, त्यांची तपासणी बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत झाली पाहिजे. घरी यायला डॉक्टरांनी आठवडा उशीर सांगितला म्हणून बारशाची तारीख पुढे गेली, तर तीही जावी.

वीज कोसळावी तशी क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी हा तिसरा प्रकार आहे. मेंदूच्या धमन्या ठिकठिकाणी आवळल्या जातात, काही आठवड्यांत त्या बहुधा पूर्ववत होतात, पण त्या अवधीत पक्षाघात किंवा रक्तस्राव होऊ शकतो. रक्तवाहिन्या आकुंचित करणारी काही औषधे, उदाहरणार्थ गर्भाशय आकसावा म्हणून दिले जाणारे मेथिलअर्गोमेट्रिन किंवा दूध बंद करण्यासाठीचे ब्रोमोक्रिप्टिन, हा प्रकार उद्भवण्यास निमित्त ठरू शकतात. हृदयाचा मार्गही विसरून चालणार नाही: लहानपणी सांधेताप होऊन झडप अरुंद झालेल्या कितीतरी मुलींना आपल्या हृदयात दोष आहे हे गर्भारपणातच पहिल्यांदा कळते, आणि अशा हृदयात तयार झालेली गुठळी सुटून मेंदूकडे जाऊ शकते.

पक्षाघाताची खूण ओळखण्याची रीत बाळंतिणीसाठी वेगळी नाही. हसायला सांगितल्यावर ओठाचा एक कोपरा खाली राहतो का, दोन्ही हात वर धरल्यावर एक खाली येतो का, साधे वाक्य नीट म्हणता येते का, हे पाहावे. यांपैकी एक जरी चुकले तरी १०८ क्रमांकावर फोन करून वेळ लिहून ठेवावी. धमनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि सिझेरियन नुकतेच झालेले असेल तर रक्तस्रावाच्या भीतीने ते देता येईलच असे नाही. तेव्हा जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. वाटेतल्या लहान दवाखान्यात बाळंतपण किती दिवसांपूर्वी झाले हे आवर्जून सांगावे, कारण पायात चपला, अंगावर साधा गाऊन आणि सोबत बाळ नाही अशी बाई बाळंतीण आहे, हे समोरच्याला कळतेच असे नाही.

स्कॅनची भीती बाळगण्याचे कारण नाही. पोटात बाळ असताना डोक्याचा सीटी स्कॅन केला तरी गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो, आणि एमआरआयमध्ये तर असा किरणोत्सर्ग नसतोच. शिरांचे चित्र रंगद्रव्य न टोचताही काढता येते. नुसता साधा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला तरी शिरांतील गुठळी त्यात सुटू शकते, म्हणून शिरांची वेगळी तपासणी, म्हणजे व्हेनोग्राफी, केली आहे का, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारणे योग्य ठरते.

उपचारातील एक गोष्ट घरच्यांना हमखास खटकते. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसतो आहे, आणि डॉक्टर मात्र हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, सुरू करतात. तुंबलेली मोरी आठवावी: येथे रक्तस्राव हा तुंबण्याचा परिणाम आहे, आणि तुंबलेले मोकळे झाल्याशिवाय तो थांबणार नाही. हेपारिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, म्हणून गर्भारपणातही तेच वापरतात. वॉर्फरिनच्या गोळ्या गर्भारपणात टाळतात, पण अंगावर पाजणाऱ्या आईला त्या देता येतात. ‘औषधे चालू आहेत, दूध तोडा’ हा शेजारचा सल्ला म्हणूनच ऐकू नये. आई शुद्धीवर असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर बाळाला पाजता येते. सूज फार वाढली, तर कवटीचा एक तुकडा काही महिन्यांसाठी काढून मेंदूला जागा करून देतात. ऐकताना हे भयंकर वाटले, तरी या आजारातील रुग्ण तरुण असतात आणि त्यांचा मेंदू उभारी धरतो: अनेक देशांतील ६२४ रुग्णांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहिला, तर शिरांतील गुठळी झालेल्या दहांपैकी जवळजवळ आठ जण पूर्णपणे किंवा किरकोळ तक्रारींपुरते बरे झाले होते.

बरे झाल्यावर रक्त न गोठण्याचे औषध साधारण तीन ते बारा महिने चालते, आणि ते आपल्या मनाने थांबवायचे नसते. पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या स्त्रियांनी घेऊ नयेत. तांबी हा त्यांच्यासाठी चांगला पर्याय आहे. गणपतीत, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या गोळ्यांनाही हाच सावधगिरीचा नियम लावावा, कारण त्यांतील नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पुढचे मूल होऊ द्यायचे नाही, असा निर्णय भीतीपोटी अनेक घरांत घेतला जातो, परंतु पुन्हा गुठळी होण्याचा धोका लहान आहे, आणि पुढच्या गर्भारपणात व बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे हेपारिनची रोजची इंजेक्शने घेऊन तो आणखी कमी करता येतो. ज्यांना पहिल्या खेपेस प्रीएक्लाम्पसिया झाला होता, त्यांना पुढच्या खेपेस तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून कमी मात्रेतील ॲस्पिरिन देतात. त्यासाठी जुनी फाइल माहेरी राहिली असेल, तर दिवस गेल्याचे कळताच ती मागवून घ्यावी.